धाकट्याचं तोंड

थोरल्याच्या हातात होती ती ताकद त्याच्या जिभेत नव्हती. समोर माणूस असला तर तो निदान शिवी तरी हासडायचा, पण फोन कानाला लावला की तोंडाला कुलूप. म्हणून लहानपणापासून त्याचे फोन धाकट्यानेच घ्यायचे आणि "हो, मीच बोलतोय" असं बिनदिक्कत ठोकून द्यायचं. घरातली ती रीतच होती.

शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची एक जागा निघाली. दोघांनी अर्ज केले, नंबर एकच दिला, मुलाखत फोनवर होणार होती. आधीच्या कामावर मुकादमाचं नाक फोडल्यापासून थोरल्याला कुणी दारात उभं करत नव्हतं आणि बायको लेकीला घेऊन माहेरी जाऊन बसली होती. नोकरी लागली तर येईन, नाहीतर वाट बघू नकोस, असं तिने बजावलं होतं. थोरल्यासाठी फोन आला की धाकट्याने त्याच्या नावाने बोलायचं ठरलं. पण फोन काही येईना. मुकादमाने कुणाचे तरी कान भरले असणार, असं थोरल्याने मनाशी धरलं आणि आतल्या आत उकळत राहिला.

त्या दिवशी तो अंघोळ करून बाहेर आला, तर धाकटा खिडकीशी पाठमोरा उभा, फोन कानाला. काय साखर पेरत होता! "हो मॅडम, अनुभव आहे. उद्यापासून येतो की. थांबतो, द्या साहेबांना."

थोरल्याचं डोकं फिरलं. आपल्याला कोण बोलावतंय, हा स्वतःसाठीच बोलतोय, माझ्या तोंडचा घास याने पळवला, एवढंच त्याला कळलं. विचारायचं भान कुणाला? लोखंडी स्टूल उचललं आणि घातलं पाठीत. फोन गादीवर पडला. धाकटा वळून काही सांगायला गेला, तेवढ्यात दुसरा घाव तोंडावर बसला. हाड मोडल्याचं थोरल्याला स्पष्ट ऐकू आलं आणि, खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. गळा धरून त्याने त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. धाकट्याने हात उगारला नाही, नुसता गादीकडे बोट दाखवत राहिला. फोनमध्ये कसलीशी गोड धून वाजत होती. ती थांबली, तसा थोरल्याने फोन उचलून कानाला लावला.

"साहेब लाइनवर आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात तसा तुमच्या धाकट्या भावाचा अर्ज काढून टाकलाय. जागा तुमचीच. फक्त साहेबांना एकदा हो म्हणा."

थोरला धाकट्याशेजारी खाली बसला. त्याने फोन धाकट्याच्या तोंडाशी धरला.

"म्हण रे. एकदाच."

धाकट्याने खरंच प्रयत्न केला. पण जबडा एका बाजूला लोंबत होता, रक्तातून नुसती घरघर आली. मग थोरल्याने स्वतः तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. साहेब दोनदा हॅलो म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

"हो," थोरला म्हणाला. ऐकायला फक्त धाकटा होता.