बदलण्याजोगे भाग

“आता माझ्याकडे बघू नका, ताई. रोजच्यासारखं काम करा,” असं म्हणून दुरुस्तीवाला स्टूल ओढून माझ्या बायकोशेजारी बसला.

कॉम्प्युटरचा डबा उघडला नाही, पेचकस काढला नाही. नुसता बसून राहिला. बायको घरी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. तेव्हा तिच्याकडे सातशे पानांचा एक कोश होता आणि मंगळवारपर्यंत तो द्यायचाच होता. कॉम्प्युटर मात्र एक पान उघडायला दहा मिनिटं घेत होता. हा बुवा अर्धा तास तिचे हात बघतोय, स्क्रीन बघतोय, मधूनच तिच्या चेहऱ्याकडे बघतोय. मी दारात उभा. तो तिला ताई म्हणत होता हे खरं, पण तेवढ्याने माझं समाधान होत नव्हतं.

शेवटी त्याने डबा उघडला आणि एकेका भागावर बोट ठेवत गेला. “हा प्रोसेसर राहू दे, याला काही झालेलं नाही. रॅमही पुरेशी आहे. ही हार्डडिस्क मात्र थकलीय. ती काढून एसएसडी टाकू, म्हणजे नवी वेगवान डिस्क. आणि स्क्रीन मोठा घ्या.”

“स्क्रीनला काय झालंय? चांगला लख्ख दिसतोय,” मी म्हणालो.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“तुम्ही राहू द्या. बाकीचं मी बघतो,” मी त्याला सांगितलं.

मी पंपांच्या कारखान्यात गोदाम सांभाळतो. कोणत्या पंपाला कोणता वॉशर, कोणती सील, हे मला झोपेतही सांगता येतं. वीस वर्षं सुटे भाग हाताळणाऱ्याला कॉम्प्युटरचं काय अवघड? दुकानात गेलो. एसएसडी म्हणजे बोटभर लांबीची पट्टी निघाली. असली चिटुकली वस्तू तिच्यासमोर ठेवायची आणि तीही त्यानेच सुचवलेली, हे मला जड गेलं. दुकानदाराला विचारलं, “यात सगळ्यात दमदार भाग कोणता?” त्याने दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड पुढे केलं. विटेएवढं जड. ते हातात घेतल्यावर मला बरं वाटलं.

“हे कशाला?” बायकोने विचारलं.

“बसवल्यावर बघ.”

रविवारी सकाळी बसवायला घेतलं. कार्ड लांब, डबा आखूड. मग हार्डडिस्कचा खण सोडवला, डिस्क बाजूला लोंबकळत ठेवली आणि कार्ड कसंबसं आत सारलं. बटण दाबलं. पंखे फिरले आणि थांबले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पंखेही फिरले नाहीत. बायको मागे उभी होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “अहो, मंगळवारी पानं द्यायचीत,” आणि फोन लावायला गेली. कुणाला, ते मी विचारलं नाही.

सोमवारी मी कामावरून परतलो तेव्हा तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. मला बघून उठायला लागला.

“साहेब, कार्ड एक नंबर आणलंत,” तो म्हणाला. “फक्त डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग जुना आहे, त्याला हे पेलत नाही. आणि ताईंचं काम अक्षरांचं, व्हिडिओ-गेमचं नाही, त्याला हे लागतही नाही. दुकानात परत घेतील. माझं नाव सांगा.”

त्याचं नाव सांगून माझी चूक परत करायची. त्याने मला हसायला हवं होतं, म्हणजे मला त्याच्यावर ओरडता आलं असतं. तो मेला सभ्य निघाला. त्याने सोबत आणलेली एसएसडी बसवली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर घेतलं आणि कोश चुटकीसरशी उघडला. बायको हसली. असं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मी चहा ठेवायला आत गेलो. तिथून त्याचा आवाज ऐकू आला. “ताई, डोळ्याचं साहेबांना सांगितलं नाहीत अजून?”

“सांगेन.”

“सारखा डावा डोळा मिटून काम करता तुम्ही. स्क्रीन मोठा झाला तरी डॉक्टरला दाखवाच.”

तो गेल्यावर मी विचारलं, “डोळ्याला काय झालंय?”

“डाव्याने अक्षरं पुसट दिसतात. चार महिने झाले.”

“मला नाही बोललीस. त्याला बरं सांगितलंस.”

“त्याने विचारलं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती पुन्हा कामाला लागली.

मी स्टूल ओढून तिच्याशेजारी बसलो. ती खरंच डोळा मिटत होती. मान वाकडी करून नाक स्क्रीनला लागेल इतकी पुढे जात होती. किती वर्षं मी या खोलीतून ये-जा करतोय. तिने एक ओळ टाइप केली, खोडली, पुन्हा केली, पुन्हा खोडली.

“काही हवंय का?” तिने विचारलं.

“नाही. तू कर.”

“तुम्ही जरा बाहेर बसता का? कुणी बघत असलं की माझ्या चुका होतात.”

त्या दिवशी तो शेजारी बसला होता, तेव्हा अर्धा तास तिची एकही चूक झाली नव्हती. मी दारातून सगळं पाहिलं होतं. बाहेर आलो, दार लोटून घेतलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला.

“कोणता डोळा?” तिथल्या बाईंनी विचारलं.

“डावा.”

“कधीपासून त्रास आहे?”

“चार महिने झाले,” मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून मला ठाऊक असल्यासारखं. आतून तिचं टाइपिंग न अडखळता ऐकू येत होतं.