निळ्या टोपणाची नळी

औषध मंजूर करणाऱ्या समितीची रेषा होती दोनची आणि एमेटच्या पाठीतल्या पाण्यात निघालं शून्य पूर्णांक नऊ. तेवढ्यावर चार वर्षांच्या पोराचं औषध बंद. पत्राची प्रत सोमवारी प्रयोगशाळेत आली. व्हर्ना निएमीनं ती आधी उभ्यानं वाचली, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचली. हा आकडा खोटा आहे हे अख्ख्या दुलुथ शहरात तिला एकटीला माहीत होतं, कारण तो खोटा तिनंच केला होता.

एमेटच्या रक्तात थायरॉइडचं हार्मोन उतू जातं, पण मेंदूत शिरायचं त्याचं दार जन्मापासून बंद. पोर बोलत नाही, बसत नाही, मान धरत नाही. नवं औषध म्हणजे त्याच हार्मोनचं जरा बदललेलं रूप. ते दुसऱ्या वाटेनं आत शिरेल अशी आशा. शिरलं की नाही ते रक्त सांगत नाही. त्यासाठी पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी काढावं लागतं, आणि ते पाणी मोठं फसवं. रक्तातली प्रथिनं हार्मोनला धरून ठेवतात; या पाण्यात धरायला जवळजवळ कुणीच नाही. साध्या प्लास्टिकच्या नळीत ठेवलं की हार्मोन भिंतीला चिकटतं. ओतलं की पाणी येतं, हार्मोन मागे राहतं. म्हणून या प्रयोगशाळेच्या नळ्या वेगळ्या, आतून प्रथिनाचा लेप दिलेल्या, निळ्या टोपणाच्या. सुईतला थेंब थेट त्यांतच पडला पाहिजे. दुसऱ्या नळीतून आलेला नमुना फेकून द्यायचा, हा नियम व्हर्नानंच पूर्वी भिंतीवर लावलेला.

एमेटचं पाणी आलं ते पांढऱ्या टोपणाच्या साध्या नळीत. सोबतच्या कागदावर नर्सनं लिहिलं होतं, ‘चौथ्या सुईला मिळालं.’ फेकायचं म्हणजे पाचवी सुई. व्हर्नाचा हात धजला नाही. तिनं ते पाणी निळ्या टोपणाच्या नळीत ओतलं, रकान्यात ‘नमुना योग्य’ लिहिलं आणि आज एक पुण्य पदरात पडलं असं समजून जेवायला गेली.

“योग्य कुणी लिहिलं?” सोमवारी ती पत्र घेऊन गेली तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर हॉलबर्ग यांनी विचारलं.

“मी.”

“मग आता अयोग्य म्हणणारी तू कोण?”

“तीच.”

“ती पांढरी नळी आहे? भिंत धुऊन मोजता येईल.”

“कचऱ्याबरोबर जाळायला गेली. मी डबे उपसून आले.”

“मग विषय संपला. औषध थांबून बारा दिवस झालेत. आज पाणी काढलंस तर काहीच निघणार नाही. वर आपल्या जुन्या तीनशे नमुन्यांवर लोक बोट ठेवतील.”

“ठेवू देत.”

“तुझ्या निवृत्तीला चौदा महिने उरलेत, व्हर्ना. गप्प बसायला काही फार नाहीत.”

व्हर्नानं स्वतःच्या नावानं समितीला लिहिलं. काय केलं, कसं केलं, सगळं. उत्तर तीन दिवसांत आलं, सभ्य भाषेत. जुना आकडा रद्द. चाचणी पुन्हा करायला हरकत नाही. मात्र आकडा दोनच्या वर गेल्याशिवाय औषध मिळणार नाही. म्हणजे औषध नाही तर आकडा नाही, आणि आकडा नाही तर औषध नाही. असलं लिहायला माणूस चांगला शिकलेला लागतो.

मग तिनं एमेटच्या आईला फोन लावला. डार्ला पेल्की, तिकडे हिबिंगला शाळेची बस चालवते. व्हर्नानं सगळं सांगितलं.

“तुम्हाला दया आली,” डार्ला म्हणाली.

“हो.”

“चार सुया त्यानं खाल्ल्या. मी त्याचे पाय दाबून धरले होते. पाचवी असती तर पाचवीलाही धरले असते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं दया करायला?”

“कुणीच नाही.”

“औषध चालू होतं तेव्हा तीन श्वास मान धरायचा. मी मोजायचे. आता एकही नाही. ती तुमची दया.”

व्हर्नानं माफी मागितली नाही. माफीचं ही बाई काय करणार होती?

“बाई, एक विचारते,” डार्लाचा आवाज खाली आला. “बाटली परत पाठवा म्हणाले होते. मी सांगितलं सांडली. फ्रिजमध्ये हेरिंग माशांच्या बरणीमागे आहे. आठ दिवस पुरेल. पुढे कधी लागेल म्हणून राखून ठेवली.”

व्हर्ना उठली आणि दार लावून आली.

“आजपासून पूर्ण द्या,” ती म्हणाली. “आठव्या दिवशी पाणी काढू. नळी मी स्वतः घेऊन येते.”

एमेटच्या डॉक्टरांनी कागदावर ‘फेरचाचणी’ लिहिलं आणि बाटलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आठव्या दिवशी दुपारी दोन सुया फुकट गेल्या. पोराला रडायलाही नीट येत नाही; दाराखाली अडकलेल्या मांजरासारखा आवाज काढतं. तिसऱ्या सुईला थेंब आला. व्हर्नानं निळ्या टोपणाची नळी धरली होती. एकेक थेंब पडत होता आणि ती तोंडातल्या तोंडात मोजत होती. आईनं पाय धरले होते, कुणाकडेही न बघता.

दोन पूर्णांक सात. व्हर्नानं यंत्र पुन्हा चालवलं. दोन पूर्णांक सात.

औषध मेंदूत पोचत होतं. पहिल्यापासून पोचत असणार.

समितीनं फोनवर एकच विचारलं: बंद केलेलं औषध पाण्यात आलं कुठून? डार्लानं खरं ते सांगितलं. तिला खोटं एकदाच जमलं होतं. परवानगीशिवाय दिलेल्या औषधाचा आकडा ग्राह्य नाही, असं उत्तर आलं. पुढच्या फेरीत अर्ज करा. पुढची फेरी ऑक्टोबरात. ऑक्टोबरला सात महिने होते आणि बाटली धुतल्यासारखी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डार्ला प्रयोगशाळेच्या दारात उभी. मागे गाडीत पोर, खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेलं, मान एका बाजूला पडलेली.

“मला तो आकडा तुमच्या हातानं लिहून द्या. खाली सही करा.”

“त्या कागदाला कुणी विचारणार नाही.”

“मी सेंट पॉलला चाललेय. समितीच्या दारात बसणार. हाकललं तरी बसणार. कागद नाही बघितला तर याला बघतील.”

व्हर्नानं कागद लिहिला. जुना खोटा आकडा, तो कसा झाला ते, नवा आकडा, आणि सही. हॉलबर्ग काचेतून बघत होते. त्यांनी दार उघडलं.

“व्हर्ना, आत ये. या दारातून गेलीस तर परत येऊ नकोस.”

“मला ऐकू येतंय, डॉक्टर. माझं मोजणं कमी पडलं, कान नाही.”

ती गाडीपाशी गेली. डार्लानं चालकाच्या बाजूचं दार उघडलं होतं. वाटेत पोराची मान पुढे पडली की श्वास अडकतो, म्हणून ती दर वीस मिनिटांनी गाडी थांबवून मागे जाते, हे व्हर्नाला तिनंच फोनवर सांगितलं होतं.

“किल्ली द्या,” व्हर्ना म्हणाली. “तुम्ही मागे बसा. त्याची मान धरा.”