गोळीकाकांची पेपरमिंटची डबी

गोळीकाकांना दुकानात खोकले ऐकायला मिळत आणि शाळेत टाळ्या. त्यामुळे त्यांचा जीव शाळेत जास्त रमायचा यात नवल नाही. औषधांचं दुकान चालवणारा हा माणूस वर्षातून एकदा पांढराशुभ्र कोट घालून पाचवीच्या मुलांपुढे उभा राहायचा आणि घरातल्या औषधांवर भाषण द्यायचा. अकरा वर्षं देत होता. गोळीकाका हे नाव मुलांनीच ठेवलेलं. ते ऐकून ते वरवर नाक मुरडायचे, पण आतून त्यांना ती मोठी पदवीच वाटायची.

भाषणातला हुकमाचा पत्ता म्हणजे दोन बशा. एका बशीत खाऊच्या गोळ्या, दुसरीत औषधाच्या. मुलांनी बाकावरून बघून ओळखायचं, खाऊ कुठला आणि औषध कुठलं. निम्मी मुलं हमखास चुकायची. मग गोळीकाका आवाज खाली आणून म्हणायचे, "तुम्ही दहा वर्षांचे घोडे फसलात. घरातलं दोन वर्षांचं बाळ काय करेल?" वर्ग चिडीचूप व्हायचा. त्या चिडीचूप होण्यावर गोळीकाका पुढचं वर्षभर खूश असायचे.

मग नियम यायचे. औषध ज्या पाकिटात आलं त्यातच ठेवायचं, दुसऱ्या डबीत कधीही नाही. डॉक्टरांनी सांगितलं तितकेच दिवस घ्यायचं. दुसऱ्याचं औषध आपण घ्यायचं नाही. आणि चुकून काही तोंडात गेलंच, तर न घाबरता लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. हे सांगताना गोळीकाका नाकानं कांदे सोलत असायचे. त्याच वेळी त्यांच्या शर्टाच्या खिशात पेपरमिंटची पत्र्याची डबी असायची आणि तिच्यात पेपरमिंट नसायचं.

त्याचं असं झालं होतं. मागच्या वर्षी सलाईनच्या बाटल्यांचं खोकं उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. डॉक्टरीणबाईंनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या जालीम होत्या, सवय लावणाऱ्या होत्या, चिठ्ठीशिवाय कुणाला द्यायच्या नाहीत अशा. पाच दिवसांनी कंबर बरी झाली. सहाव्या दिवशी गोळीकाकांना वाटलं, थोडी कसर राहिलीये. ती कसर काढता काढता अकरा महिने झाले होते. कंबर आता दुखायची ती गोळीची वेळ टळली की, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला काउंटरवरूनच त्यांनी झापलं असतं. तसं एकाला झापलंही होतं. एक म्हातारे गृहस्थ जुनी चिठ्ठी घेऊन ह्याच गोळ्या मागायला आले, तेव्हा गोळीकाकांनी त्यांना सवयीच्या धोक्यांवर दहा मिनिटं सुनावलं. बोलताना जीभ जरा जड होत होती, कारण जिभेखाली गोळी होती.

आणि डबी कशासाठी, तर पट्टीतून गोळी काढली की फट्कन आवाज येतो. बायकोचे कान तिखट. त्यामुळे गोळीकाका दुकानातच पट्ट्या सोलून गोळ्या डबीत भरायचे. औषधवाल्याला गोळी रंगारूपावरून ओळखता येते, त्याला कशाला हवं नाव आणि तारीख! इतरांना मात्र ती पेपरमिंटच वाटणार, ही त्यातली मुख्य सोय. आपल्याच पहिल्या नियमाला आपणच इतक्या हुशारीनं बगल दिली, याचं त्यांना कधीकधी कौतुकसुद्धा वाटायचं.

या वर्षी एक भानगड होती. त्यांची स्वतःची मुलगी पाचवीत आली होती. सगळं मोजायची खोड म्हणून तिला घरात मापटं म्हणत. जिन्याच्या पायऱ्या, वरणातल्या फोडी, आई फोनवर किती वेळा "हो ना" म्हणाली ते, सगळं ती मोजायची. मापटं पहिल्या बाकावर बसून बापाचं भाषण ऐकत होतं आणि बापाला चेव आला होता. त्या भरात त्यांनी मुलांना घरचा अभ्यास देऊन टाकला. छापील तक्ताच वाटला. औषधाचं नाव, कोण घेतं, कशासाठी, कुठे ठेवलंय, आणि शेवटचा रकाना, ज्यावर ते फार खूश होते : 'चुकून घेतलं तर कुणाला सांगणार?'

"घराचा कोपरान् कोपरा बघायचा," गोळीकाका म्हणाले. "एकही औषध सुटता कामा नये."

रविवारी सकाळी मापटं स्टुलावर चढलं. घरातलं औषधांचं कपाट म्हणजे गोळीकाकांचा अभिमान. उंचावर, कुलूपबंद, प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी. बापलेकीनं मिळून सात औषधं लिहिली. शेवटच्या रकान्यात मापट्यानं पेनानं सात वेळा लिहिलं : बाबांना, बाबांना, बाबांना.

"अगं, आईला पण सांगता येतं की," चष्म्याच्या दुकानात काम करणारी बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली.

"तिला तज्ज्ञ माणूस हवाय," गोळीकाका म्हणाले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मापटं स्टुलावरून उतरलं. बापाच्या शर्टाकडे बघत तिनं विचारलं, "बाबा, खिसा घरात धरायचा का?"

गोळीकाकांनी खिशावर हात ठेवला. पण अकरा वर्षं भाषणं ठोकलेला माणूस, त्याला उत्तर सुचायला वेळ लागत नाही. "खिसा म्हणजे कपडे," ते म्हणाले. "कपडे काही घर नव्हे."

"बरं," मापटं म्हणालं.

एवढ्यावर निभावलं असं समजून गोळीकाका मोरीत गेले आणि नळ मोठा सोडून डबी उघडली.

बुधवारी ते तक्ते तपासायला शाळेत गेले. शेवटी पुन्हा दोन बशांचा खेळ व्हायचा, म्हणून टेबलावर खाऊची बशी आणि एक मोकळी बशी मांडून ठेवली होती. ही त्यांची आवडती वेळ. ते निवडक तक्ते मोठ्यानं वाचत आणि मुलं हसत. एकानं आजोबांच्या कवळीची पावडर औषधात धरली होती. एकीनं घरातल्या मांजराचं जंताचं औषध लिहून 'कोण घेतं' पुढे लिहिलं होतं : 'घेत नाही, पाजावं लागतं'. वर्ग खिदळत होता. मग वर्गाच्या बाईंनी मापट्याचा तक्ता पुढे केला. "हा तुम्हीच वाचा. आम्ही अजून बघितलेला नाही."

गोळीकाकांनी सातही ओळी खड्या आवाजात वाचल्या. "बघा, याला म्हणतात तक्ता," ते म्हणाले आणि कागद खाली ठेवणार, इतक्यात पुढच्या बाकावरचा एक पोरगा ओरडला, "काका, मागे पण लिहिलंय!"

त्यांनी कागद उलटला. मागे आठवी ओळ होती, बारीक अक्षरात.

नाव : माहीत नाही, पांढरी, गोल. कोण घेतं : बाबा. कशासाठी : विचारलं नाही. कुठे : पेपरमिंटच्या डबीत, खिशात (खिसा घरात धरत नाहीत, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं). दिवसाला सहा, रविवारी सात (रोज रात्री डबी मोजली). आणि त्याखाली : 'सुट्टीत मी पेपरमिंट समजून एक तोंडात टाकली होती. कडू होती म्हणून थुंकली.'

शेवटचा रकाना रिकामा होता.

 थुंकली नसती तर काय झालं असतं, हे त्या वर्गात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. एवढ्याशा जिवाला ती अख्खी गोळी. वर्तमानपत्रातल्या अशा बातम्या ते कात्रणं काढून भाषणात वाचून दाखवत. आपली पोर त्या कात्रणात जाता जाता राहिली, तीसुद्धा कडू चवीच्या मेहेरबानीनं, आपल्यामुळे नव्हे. त्यांनी मापट्याकडे बघितलं. ते बाकावरच्या रेघा मोजत होतं, मान खाली घालून.

कागद सुलटा करून "छान, छान" म्हणता आलं असतं. गोळीकाकांनी तसं केलंही. "छान, छान," असं म्हणून ते थांबले. मापट्यानं मान वर केली नाही. तिला ह्यात काही आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं, आणि नेमकं तेच त्यांच्या वर्मी लागलं.

त्यांनी खिशातून डबी काढली आणि तिच्यातल्या गोळ्या खाऊच्या बशीशेजारी मोकळ्या बशीत ओतल्या. ओतता ओतता दोन घरंगळत टेबलाखाली गेल्या. अकरा वर्षांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच गोळीकाका मुलांसमोर गुडघ्यांवर रांगले. दोन्ही गोळ्या सापडल्यावरच उठले.

"ओळखा," ते म्हणाले. "खाऊ की औषध?"

"पेपरमिंट!" निम्मा वर्ग ओरडला. डबी समोरच होती.

"चुकलात. औषध आहे. डॉक्टरांनी पाच दिवस घ्यायला सांगितलं होतं. घेणारा अकरा महिने घेतोय. चुकीच्या डबीत ठेवतोय, घरी लपवून खातोय, आणि इथे येऊन तुम्हाला नियम शिकवतोय."

"कोण आहे तो?" मघाचाच पोरगा म्हणाला. "त्याला पकडा ना!"

"पकडला," गोळीकाका म्हणाले. "मीच तो."

टाळ्या पडल्या नाहीत. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. एका मुलीनं हळूच विचारलं, "मग आता दोन बशांचा खेळ नाही का?" गोळीकाकांना हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही धड जमलं नाही.

संध्याकाळी ते बायकोशी बोलले. म्हणजे बोलायला सुरुवात केली. बायको म्हणाली, "मोरीचा नळ रोज चार वेळा मोठा सुटतो, तेव्हा मी काय समजत असेन? तुम्ही हातपाय धुता? कधी सांगता, याचीच वाट बघत होते. आणि पोरीनं ती तोंडात टाकली, हे मला आज कळतंय!" एवढं बोलून ती रडली आणि मग तिनंच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आपण केवढे पोचलेले आहोत अशी गोळीकाकांची समजूत होती, तीही त्या दिवशी गेली.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मापटं मधल्या खुर्चीवर बसलं. तक्त्याचा कागद तिच्या मांडीवर होता. बाईंनी आधी तिला तपासलं, त्या दिवसाबद्दल विचारलं, "थुंकलीस ते फार बरं केलंस" म्हणाल्या, आणि मग गोळीकाकांकडे वळल्या.

"दिवसाला किती घेता?"

"तीन," गोळीकाका म्हणाले. "फार तर चार."

मापट्यानं मांडीवरचा कागद उलटा केला. मग तिनं बापाकडे बघितलं.

"सहा," गोळीकाका म्हणाले. "रविवारी सात."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. एकदम बंद करायच्या नाहीत, दर आठवड्याला त्या सांगतील तेवढ्याच कमी करायच्या, गोळ्या बायकोच्या ताब्यात कुलपात राहतील, मूळ पट्टीतच, असं ठरलं. मग बाईंनी सवयीच्या धोक्यांवर त्यांना दहा मिनिटं सुनावलं. त्यातली बरीच वाक्यं गोळीकाकांच्या ओळखीची होती. त्यांना ते म्हातारे गृहस्थ आठवले, आणि उद्या त्यांचं घर शोधायचं असं त्यांनी ठरवलं.

"मला का नाही गं सांगितलंस?" बाहेर बाकावर चिठ्ठीची वाट बघताना त्यांनी मापट्याला विचारलं.

मापटं कागदाचा कोपरा दुमडत म्हणालं, "तू म्हणतोस, न घाबरता मोठ्यांना सांगा. मी घाबरले नव्हते. पण तू घाबरून लपवत होतास ना? मग तुला कसं सांगायचं?"

 गोळीकाकांनी मागच्या बाजूच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे आईचं लिही," ते म्हणाले. "किंवा डॉक्टरीणबाईंचं. खरंच लिही. मला राग येणार नाही."

मापट्यानं दप्तरातून पेन्सिल काढली, पाय हलवत बसली, आणि मग रकान्यात सावकाश लिहिलं : बाबांना.

गोळीकाकांनी डोळे पुसले. मग कागद उलटून नीट बघितला. पुढच्या बाजूचे सातही 'बाबांना' निळ्या पेनाचे होते.

"हा पेन्सिलीनं का?"

"खोडता येतं म्हणून," मापटं म्हणालं.

"पेनानं कधी लिहिशील?"

"रोज मोजेन," मापटं म्हणालं, "मग बघू."