कानात होतो, पण बंद

मित्रांनो, मी एक जुने कानाचे मशीन आहे. आकार शेंगदाण्याएवढा. मोहने गावातल्या एका चाळीत राहणाऱ्या कुंडलिकरावांच्या कानामागे माझे बिऱ्हाड आहे.

मेघनाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, मला आणले तेव्हा ते लहान मुलासारखे हरखले होते. "अगं रंभा, फोडणीचा आवाज आला मला!" असे ओरडत ते स्वयंपाकघरात धावले. रंभाबाईंनी पदराने डोळे टिपले. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

जाताना मेघनाने बजावले, "पप्पा, आता आई बोलेल तेव्हा तिच्याकडे बघायचं. मधेच तोडायचं नाही. अधूनमधून हं म्हणायचं, म्हणजे तिलाही बरं वाटतं."

कुंडलिकरावांनी हे अगदी मनावर घेतले. पण रंभाबाई नळाच्या पाण्यापासून सुरुवात करून विहारातल्या बायकांपर्यंत जात आणि फिरून नळावर येत. थोड्याच दिवसांत ते कंटाळले आणि त्यांना माझे बटण सापडले. बाई समोर बसल्या की कान खाजवल्यासारखे करून ते मला बंद करीत. मग नजर न हलवता, मान डोलवत, "हं", "बरोबर", "छान" असे म्हणत राहत. शेजारची रचना कौतुक करी, "काकी, तुम्ही लकी हां! आमचे हे मोबाइलमधून डोकंच वर काढत नाहीत."

रंभाबाई तर फुलूनच आल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे होई. बंद असलो तरी मला सगळे ऐकू येते, फक्त आत पोचवता येत नाही. मी कानावर दिसत होतो, म्हणूनच तर त्या बिचाऱ्या मनातले बोलत होत्या.

एके दुपारी त्या हळूच म्हणाल्या, "गुडघ्यांनी जिना चढवत नाही हो आता. मेघना म्हणते, माजिवड्याला आमच्याकडे लिफ्ट आहे, इकडेच ये राहायला. पण तुम्ही चाळ सोडणार नाही. तुम्ही नको म्हणालात, तर मी नाही जाणार. सांगा, जाऊ मी?"

"छान," कुंडलिकराव हसून म्हणाले. "अगदी बरोबर."

रंभाबाईंनी उठून बॅग काढली. मी आतल्या आत तडफडलो, पण बंद मशीनचे कोण ऐकणार?

दुसऱ्या दिवशी मेघना रिक्षा घेऊन आली. तिच्यासाठी मला चालू केले होते.

"कुठे निघालीस गं?" कुंडलिकरावांनी बॅग बघून विचारले.

"आता विचारता? काल तुम्हीच छान म्हणालात की!"

त्यांचा चेहरा पडला आणि हात आपोआप माझ्याकडे आला. रंभाबाईंनी तो हात पाहिला.

"काल बंद होतं ते?"

"तू बोलतेस तेव्हा... बंदच असतं गं," ते पुटपुटले.

"म्हणजे इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?"

मेघनाने बॅग उचलली आणि रंभाबाई जिना उतरल्या. रिक्षा निघून गेली.

मित्रांनो, कुणी बोलत असताना मान डोलवली नाहीत तरी चालेल. मधेच प्रश्न विचारलात तरी चालेल. कंटाळा आला तर हसून "उद्या सांग" म्हणा. पण न ऐकता हं म्हणू नका. त्या पापात मी वाटेकरी झालो, निदान तुम्ही तरी होऊ नका.

कुंडलिकराव आता मला कधीच बंद करीत नाहीत. रोज संध्याकाळी ते माजिवड्याला फोन लावतात आणि जिवाचा कान करून विचारतात, "मग? आज काय काय झालं? सगळं सांग."

"काही विशेष नाही," रंभाबाई म्हणतात. "जेवून घ्या वेळेवर." आणि फोन ठेवतात.