बाळापूरचा नंबर

वारंगा फाट्याच्या काळी-पिवळी स्टँडवर नंबर म्हणजे पाळी. ज्याची जीप सकाळी आधी लागली तिचा नंबर आधी. ती भरून निघाल्याशिवाय मागच्याने सवारी घ्यायची नाही, मग सवारी त्याची सख्खी बहीण का असेना. हा नियम प्रेमदास आणि अल्लाबक्ष या दोघांनी मिळून घातला होता, फाट्यावर एकच हॉटेल होतं तेव्हा. तो कुठे लिहिलेला नाही. तरी पोलिसांनाही ठाऊक होतं की वारंग्याच्या स्टँडवरून नंबराशिवाय गाडी हलत नाही.

अल्लाबक्षची नजर गेली, तशी त्याची जीप त्याचा मुलगा अफरोज चालवू लागला. प्रेमदास मात्र तांड्यावरून रोज येत राहिला. स्टँडवर त्याचा शब्द चालायचा.

मग दोन गोष्टी पाठोपाठ आल्या. एक सरकारी यंत्र. प्रवासी गाडीला ते बसवल्याशिवाय पासिंग होत नव्हतं. गाडी कुठे आहे, कुठे थांबली, ते त्यात उमटत राहायचं. दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइलवर बोलवायच्या गाड्या. नांदेडकडच्या कोण्या कंपनीने त्या सुरू केल्या. सवारीने घरी बसून बटण दाबायचं आणि पांढरी गाडी दारात. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी आल्या, म्हणून स्टँडवरच्या लोकांनी त्या एकमेकींना बांधल्या.

"यंत्र कोणाच्या फायद्याचं हाय, मला सांगा," देविदास चहा पिताना म्हणायचा. तो स्टँडवरचा बोलका माणूस. "आपण कोणती सवारी कुठं उतरवली, समदं कंपनीला कळून राहिलं. उद्या तिथं तिची गाडी उभी."

"सरकार कंपनीला काहून सांगंल?" अफरोज म्हणाला.

"तू दुधपिता हाय अजून. दोघं एका ताटात जेवतेत."

प्रेमदासला ते पटलं. पासिंग झाल्यावर त्याने आपल्या यंत्राची वायर कापली आणि बाकीच्यांनाही कापायला लावली. अफरोज का-कू करत होता.

"काका, पुढच्या पासिंगला पकडलं तर?"

"उंदरानं कुरतडली म्हन. तुझ्या बापानं कवा इतका इचार केला न्हाई."

अफरोजने कापली.

कंपनीच्या गाड्यांत एक गाडी कुलदीपची निघाली. कुलदीप म्हणजे प्रेमदासच्या बहिणीचा, निर्मलाबाईचा मुलगा. आधी तो प्रेमदासच्याच जीपवर बदली ड्रायव्हर होता. आता तो फाट्यावर येऊन हॉटेलासमोरून सवारी उचलायचा आणि स्टँडकडे बघायचाही नाही. लोक प्रेमदासला टोचायचे. "मामा इकडं हाका मारतो सवारीला, भाचा तिकडून पळवतो. घरातच दोन दुकानं." प्रेमदास हसायचा, पण ते त्याला लागायचं.

उन्हाळ्याची दुपार होती. देविदासचा नंबर होता, त्याची जीप भरली आणि तो बाळापूरकडे निघाला. मागे अफरोजचा नंबर. त्याच्या गाडीत अजून कोणी बसलं नव्हतं. इतक्यात कुलदीपची पांढरी गाडी हॉटेलासमोर थांबली आणि एक बॅगवाला माणूस तिच्यात बसायला लागला.

प्रेमदास उठला. तो उठला म्हणून बाकीचेही उठले.

"उतर खाली," प्रेमदास म्हणाला.

"मामा, माझी बुकिंग हाय. सवारीनं मला बोलवलंय."

"फाट्यावर नंबर असतो, बुकिंग नसती. माझ्याच गाडीवर हात बसला तुझा, इसरला का?"

"न्हाई इसरलो. म्हणूनच दुसरी धरली. तुमच्या नंबरात दिसभर ऊन खायचं, आन दोन खेपा."

हे ऐकून पोरं भडकली. अफरोज बॉनेटवर चढून बसला आणि म्हणाला, "चल, मला बी घेऊन चल. मी बी बुकिंग केलीय." सगळे हसले. मग तो उतरला, चाकाजवळ बसला आणि व्हॉल्व्हची पिन काढून त्याने हवा सोडली. एका चाकाची, मग दुसऱ्या. कुलदीप आडवा आला तेव्हा कोणीतरी त्याला ढकललं, त्याचं कपाळ दारावर आपटलं. बॅगवाला माणूस आलेल्या एसटीत चढून निघून गेला. तो कोण होता, कुठला होता, कोणालाच माहीत नव्हतं.

कुलदीप कपाळाला रुमाल बांधून ठाण्यात गेला आणि दोनच नावं सांगितली, मामाचं आणि अफरोजचं.

फौजदाराने दुपार कलता कलता प्रेमदासला बोलावलं. प्रेमदासने स्वतःचं नाव नाकारलं नाही. म्हणाला, भाचा आहे माझा, रागावलो, घरातली गोष्ट आहे. अफरोजचं तसं नव्हतं. त्याच्या परमिटचं नूतनीकरण अडकलेलं होतं, वर आणखी तक्रार आली असती तर ते गेलंच असतं. म्हणून प्रेमदास म्हणाला, "अफरोज नव्हताच साहेब तिथं. त्याचा नंबर लागला व्हता. सवारी घेऊन बाळापूरकडं गेला व्हता तो."

सोबत आलेल्या तिघांनी माना हलवल्या. फौजदाराने ते लिहून घेतलं. वारंग्याच्या नंबरावर त्याचाही विश्वास होता.

प्रेमदास तिथून थेट तांड्यावर गेला. तांड्याच्या प्रमुखाला, नायकाला मध्ये घातलं, निर्मलाबाईला भावाची शपथ घातली. तिने मुलासमोर डोकं आपटून घ्यायची भाषा केली, तेव्हा कुलदीपने लिहून दिलं की गैरसमज झाला, हवा आपोआप गेली, तिथे कोणी नव्हतं.

प्रकरण मिटलं, असं सगळ्यांना वाटलं.

त्याच दुपारी बाळापूरच्या अलीकडे शालूबाई नावाच्या बाईला एका जीपने उडवलं होतं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती रस्ता ओलांडत होती. जीप थांबली नाही. दूर वावरातून एकाने पाहिलं, पण त्याला काळी-पिवळी होती एवढंच कळलं. शालूबाई दवाखान्यात नेताना वाटेत गेली. गावाने मयत रस्त्यावर ठेवली आणि रस्ता अडवला.

पोलिसांना शोधावं लागलं नाही. त्या वेळी त्या रस्त्यावर कोणाची काळी-पिवळी होती, ते त्यांच्याकडे आधीच लिहून आलं होतं.

अफरोजला घरातून उचललं. तो म्हणत राहिला, मी फाट्यावर होतो, मी हवा सोडत होतो. फौजदार म्हणाला, तुझेच लोक सांगतात तू नव्हतास, ज्याची हवा सोडली तोही लिहून देतो की कोणी नव्हतं. यंत्र पाहिलं, त्याची वायर कापलेली. "उंदरानं कुरतडली," अफरोज सवयीने बोलून गेला. फौजदाराने वायरीचं टोक त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. ते सुरीने कापल्यासारखं सरळ होतं. माणूस मारून पळायचं आधीच ठरवलं असल्यासारखं ते दिसत होतं. मोबाइलचा टॉवर काढला, तर तो दोन्ही ठिकाणांना एकच. गावाचा राग मोठा होता, कलमही मोठं लागलं आणि जामीन झाला नाही.

अल्लाबक्ष सुनेचा, तरन्नुमचा हात धरून स्टँडवर आला. कोणी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"प्रेमदास कुठं हाय?"

"इथंच हाय मी, भाई."

"पोरगं इथं व्हतं ना त्या टायमाला?"

"व्हतं."

"मग इथं काहून बोलतो? तिथं जाऊन बोल."

तरन्नुमने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती जीपांकडे पाहत राहिली. मोजकेच लोक तिथे होते. सगळे जमिनीकडे पाहत होते.

ते गेल्यावर प्रेमदासने सगळ्यांना बाभळीखाली बसवलं. म्हणाला, आपण जाऊन खरं सांगू. आपण कुलदीपची गाडी अडवली, अफरोज आपल्यात होता.

 सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. अफरोज फाट्यावर होता असं म्हटलं, की बाळापूरचा नंबर कोणाचा होता हे सांगावं लागणार. आणि तो नंबर देविदासचा होता. देविदास तिथेच बसला होता.

"वकील हाय ना," तो म्हणाला. "वकील सोडवंल. आपण काहून गळ्यात दोर घालून घ्यायचा? मारहाणीत नावं गेली की परमिटं गेली समद्यांची. मंग हा फाटा कंपनीचा. हा डावच हाय तिचा."

"शालूबाईला कंपनीनं मारलं का?" प्रेमदासने विचारलं.

"मला काय माहीत."

"देविदास, तुझी गाडी व्हती का?"

"बाळापूरकडून बी जीपा येतेत. शेंबाळ्याच्या असतेत, कलमनुरीच्या असतेत."

"मी तुझ्या गाडीचं इचारून राहिलो."

"न्हाई," देविदास म्हणाला. त्याच्या जीपचं पुढचं बंपर नवीन होतं. जुनं गंजलं म्हणून बदललं, असं त्याने आदल्याच आठवड्यात कोणी न विचारताच सगळ्यांना सांगितलं होतं.

एकेक जण उठून गेला. कोणी म्हणालं सवारी आली, कोणी म्हणालं डिझेल भरायचंय. उरला प्रेमदास एकटा.

तो कुलदीपकडे गेला. कुलदीप गाडी पुसत होता, कपाळावरची खूण अजून दिसत होती. दोघं तांड्याच्या बोलीत बोलले.

"तू सांगशील का, अफरोज तिथं होता म्हणून?"

"माझ्याकडून काय लिहून घेतलंत ते विसरलात का, मामा? कोणीच नव्हतं. आईला रडवून लिहून घेतलंत."

"चूक झाली."

"तुमची चूक झाली की तांडा मध्ये येतो. माझी झाली की हवा सोडता." तो पुसतच राहिला. मग म्हणाला, "तो बॉनेटवर बसला होता. हसत होता माझ्यावर. मी कशाला जाऊ?"

 प्रेमदास तिथेच उभा राहिला. शेवटी कुलदीपने फडकं पिळलं.

"आधी तुम्ही जाऊन सांगा. तुम्ही खोटं बोललात हे तुमच्या तोंडाने. मग मी येतो."

दुसऱ्या दिवशी प्रेमदास ठाण्यात गेला. फौजदाराने त्याला उभंच ठेवलं.

"तेव्हा खोटं बोललास, का आता बोलतोस?"

"तवा बोललो."

"का?"

"पोराचं परमिट वाचावं म्हनून."

फौजदार हसला नाही, रागावलाही नाही. "फाट्यावर कोण कोण होते?"

स्टँडवर आजवर कोणी कोणाचं नाव दिलं नव्हतं. मागे एका भांडणात ट्रक पेटवला गेला तेव्हाही नाही. प्रेमदासने आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग अफरोजचं, मग एकेक करून बाकीच्यांची. हवालदार लिहीत होता.

"आणि बाळापूरचा नंबर कोणाचा होता?"

बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. प्रेमदासला देविदासची लेक आठवली. तिच्या लग्नात याच हातांनी त्याने पंगत वाढली होती.

"देविदासचा," तो म्हणाला.

"हे पहिल्या दिवशी कळलं असतं, तर गाडी जशीच्या तशी सापडली असती."

कुलदीप संध्याकाळी आला आणि त्याने सांगायचं ते सांगितलं. मामाकडे न बघता निघून गेला.

देविदासला धरलं. जीप धुतलेली, बंपर नवीन, जुनं भंगारात जाऊन वितळलेलं. यंत्राची वायर त्याचीही कापलेली. त्या खेपेला त्याच्या गाडीत कोण बसलं होतं, ते सापडलं नाही. त्याने शेवटपर्यंत नाही म्हटलं. सगळ्यांच्या यंत्रांची हीच गत होती, म्हणून त्या रस्त्यावर त्या दुपारी कोण होतं हे कोणत्याच यंत्राला सांगता आलं नाही. दिवाळीनंतर अफरोज जामिनावर सुटला, मग देविदासही. खटला दोघांवरही राहिला. वकील म्हणाला, आता दोन वेगळ्या हकिगती झाल्या, दोन्हींवर शंका घेता येते. बहुतेक कोणालाच शिक्षा होणार नाही. त्याला ही चांगली बातमी वाटत होती.

ज्यांची नावं गेली त्यांची परमिटं निलंबित झाली. त्यातल्या काहींनी जीपा विकल्या. प्रेमदासची जीप एका बाजूला उभी राहिली. परमिट परत मिळालं तेव्हा स्टँडवर त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं. नंबर मात्र त्याला देत, कारण तो नियम होता.

अफरोज एकदा फाट्यावर आला, पांढरी गाडी घेऊन. कंपनीची होती. प्रेमदास पुढे झाला.

"कसा हाय रे?"

"ठीक."

"कंपनीत लागला?"

"व्हय."

"तिथं तं चोवीस तास पाहत असतेत, म्हनं. कुठं थांबला, काहून थांबला."

"पाहू द्या की, काका," अफरोज म्हणाला. "कोणी तरी पाहिलेलं बरं."

त्याने काच वर केली. पुढे कधी तो स्टँडजवळ थांबला नाही.

आता प्रेमदास बाळापूरच्या खेपा करतो. शालूबाईची मुलगी निता कधी कधी त्या वळणावर रस्त्याच्या कडेला उभी असते, तालुक्याला जायला. तिला कोर्टाच्या तारखेला जायचं असतं हे त्याला माहीत आहे. तो लांबूनच गाडी हळू करतो, मागच्या सवाऱ्यांना सरकून जागा करायला सांगतो.

ती काळी-पिवळी पाहून हात करत नाही. गाडी पुढे निघून जाईपर्यंत ती वावराकडे तोंड करून उभी राहते.