पाण्याचे निजणे

वैशाख उतरणीला लागला होता. डोंगराच्या ताम्रवर्ण कुशीवर कुड्याची शुभ्र फुले हेलावत होती. आणि पायथ्याशी, जिथे लव्हाळ्याची हरितश्यामल सळसळ असायची, तिथे मुरमाचा लाल, सपाट, निःशब्द विस्तार पसरला होता.

त्या विस्ताराकडे चैती वरठा पाहत होती. वारली पाड्यात जन्मलेली, नगररचना शिकलेली, या नव्या नगराचा नकाशा रेखणारी चैती.

ही खोलगट भूमी पाड्याने पिढ्यानपिढ्या मोकळी राखली होती. डोंगरावरून उधळत आलेले पाणी इथे थांबे, इथे पसरे, इथे मुरे. पाणी निजते तिथे माणसाने निजू नये, असे जुनी माणसे सांगत. चैतीने नकाशात ते निजणे तसेच ठेवले होते. भोवती घरे, मध्ये लव्हाळे, लव्हाळ्यात आकाश.

बैठकीत तिचे फार कौतुक झाले. आदिवासींचे शहाणपण, असेही कुणी म्हणाले. मग नकाशातल्या लव्हाळ्यावर भूखंड पडले. चैती भांडली, विनवत राहिली. ऐकणारे नम्रपणे ऐकत राहिले, आणि डंपर येत राहिले. शहाणपणासाठी प्रवेशद्वाराची भिंत तेवढी राखली गेली.

ती भिंत रंगवायला चैतीने बुधीआत्येला, बापाच्या बहिणीला, आणले होते. गेरूवर तांदळाच्या पिठाचे नर्तक उमटत होते. दुपारी आत्या वळली आणि मुरमाकडे बघत राहिली.

"पाणी आता निजंल कुठं, चैती?"

चैतीला उत्तर ठाऊक होते. भराव उंच होता, आणि उताराला आत्येचे घर होते.

"तुझ्या दारात, आत्ये."

बुधी रागावली नाही. तिने बांबूची काडी पुसली, पिठाची वाटी चैतीच्या हाती दिली. भाताची कणगी पावसाआधी टेकाडावर न्यायला हवी, एवढे बोलून ती उन्हात चालू लागली. कृश, वाकलेली, धूळधूसर.

उद्या उद्घाटन होते. चित्र पुरे होईल ना, असे ठेकेदाराचा माणूस विचारून गेला. चैती होईल म्हणाली.

तिने काडी बुडवली. नकाशे रेखणाऱ्या हाताला हे वळण ठाऊक नव्हते. एक नर्तक वाकडा आला, दुसरा त्याहून वाकडा. तरी ती काढत राहिली, हाताला हात जोडत राहिली.

भिंत संपली तेव्हा आभाळ विझत आले होते. ओले, फिकट पीठ वाळता वाळता उजळत गेले. आणि गेरूच्या त्या रक्तिम शून्यात तिचे नर्तक उभे राहिले. हातात हात, पायांखाली भूमी नाही. शुभ्र, शुष्क, स्तब्ध.