दोन इंच कमी

या, असे जवळ सरका. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल. एका शिवणाऱ्या बाईची गोष्ट ऐकवायची आहे. ऐकून घरी गेल्यावर लेकीला पोटाशी धरावंसं वाटलं, तर सांगण्याचं सार्थक झालं.

बाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक उभा आरसा, कापड बेतायचे, खिळ्याला टांगलेले कागदी फर्मे. हातात कला होती, पण जीभ हाताहून गोड. माप घेताना ती नेहमी दोन इंच कमी पुकारायची. फितीवर चौतीस दिसले की मोठ्यानं म्हणायची, "बत्तीस! काय हो, वय उलटं चाललंय वाटतं तुमचं!" आणि वहीत गुपचूप चौतीस लिहायची. कपडा अंगाला बरोबर, गिऱ्हाईक खूश. कुणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटायचं.

लेक तेरा वर्षांची, गोड गळ्याची. शाळेच्या कार्यक्रमात एकटी गाणार होती. नव्या झग्याचं माप घेताना बाईचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून वही लेकीच्याच हातात दिली. सवयीनं तोंडातून गेलं, "कंबर सव्वीस." पोरीनं सव्वीस लिहिलं. फितीवर होते अठ्ठावीस.

वहीबरहुकूम कापलेला झगा कमरेशी अडकला तेव्हा आपण काय पुकारलं ते बाईला आठवलं.

"आई, आठ दिवसांत एवढी जाडी झाले मी?"

एक वाक्य पुरलं असतं. पण समोर काज-बटणं करणारी बाईची धाकटी बहीण होती, दोन गिऱ्हाइकं होती. वीस वर्षांचं बिंग फुटलं असतं. बाई म्हणाली, "उसवून देते, त्यात काय एवढं!"

"नको. मीच होते बारीक."

तेव्हापासून ताटात घास उरू लागले. विचारावं तर "पोट भरलं" हा एकच जप.

बाईनं झगा उसवून दोन इंच सैल केला आणि टांगून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तो पुन्हा आवळलेला, पहिल्यापेक्षाही अर्धा इंच जास्त. लेक तर शाळेत. बहिणीनं चष्मा पुसून टाका पाहिला.

"ताई, हा टाका तुझाच. शेवटाला अशी दुहेरी गाठ दुसरं कोण मारतंय?"

"मी हातही लावला नाही गं!"

"मग हाताला विचार, कुठे फिरून आला ते." बहीण हसली खरी, पण झगा तिनं मेलेली पाल धरावी तसा दोन बोटांत धरून टांगला.

तीनदा उसवला, तीनदा आवळला. तिकडे गाण्याच्या बाईंचा निरोप आला: वरच्या सुराला पोरीचा श्वास पुरत नाही.

मग सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, बाई मोरीत भांडी घासत असताना पुढच्या खोलीतून आवाज आला, "पंचवीस! वा, काय सुरेख!"

आवाज तिचाच होता. तोच गोडवा, तोच हेल. आणि तिचे ओठ तर मिटलेले.

ती साबणाच्या हातांनीच धावली. लेक आरशापुढे पोट आत ओढून, श्वास कोंडून उभी होती. ओठ निळसर. कमरेला फीत. एक टोक पोरीच्या बोटांत आणि दुसरं हवेत, कुणीतरी अंगठ्याखाली दाबून धरावं तसं ताणलेलं.

"चोवीस," आरसा म्हणाला.

पोरीनं पोट आणखी ओढलं. बाईनं फीत धरली. ती बर्फासारखी गार होती, आणि ढिली होईना.

"अठ्ठावीस!" बाई ओरडली. "अठ्ठावीस होतीस तू! मी खोटं पुकारलं. सगळ्यांचंच खोटं पुकारते मी."

"तेवीस."

"श्वास घे बाळ. सोड पोट. देवानं जागा ठेवलीय तिथे श्वासाला. गाणं उठायचं कुठून मग?"

"खोटं का बोललीस?" पोरीचा आवाज जेमतेम फुटला.

"मलाच लाज वाटते गं माझ्या अंगाची. आंघोळीहून आले की आरशावर टॉवेल टाकते मी. तू बघत असशीलच." बाईनं खणातून दुसरी फीत काढून स्वतःच्या कमरेला गुंडाळली. "घे माझं माप. वाच, मोठ्यानं."

पोरीनं वाचलं, "त्रेचाळीस."

"एक्केचाळीस," आरशानं लाडानं दुरुस्त केलं.

"त्रेचाळीस!" बाई त्याच्यावर खेकसली. "नऊ महिने ही पोर आत लाथा झाडत होती. एक्केचाळिसात मावली असती का?"

पोरीला हसू फुटलं. हसण्यासरशी कोंडलेला श्वास बाहेर पडला आणि कमरेची फीत गळून जमिनीवर पडली.

त्या दिवशी ती चारच घास जेवली. बाईनं तिला डॉक्टरीणबाईंना दाखवलं, रोज तिच्या शेजारी बसून जेवली. घास हळूहळू वाढले. गिऱ्हाइकांना खरी मापं ऐकू येऊ लागली. काही रुसून गेली.

पण वही चाळताना एका पानावर तिचा हात थबकला. बँकेतल्या बाईंची लेक, पंधरा वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात तिला आपण "तेवीस" म्हणालो होतो. तशीच चपला घालून ती त्यांच्या घरी गेली.

"अय्या, या ना!" बँकेतल्या बाई कौतुकानं म्हणाल्या. "आमची आता खरंच तेवीसची झालीय बरं का! सारखी आरशापुढे असते."

आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराआडून बाईला स्वतःचा गोड आवाज ऐकू आला, "बावीस!"

बाई दोन्ही मुठींनी दार ठोठावू लागली. अजून ते उघडलेलं नाही, मायबाप. आज जेवायला बसाल तेव्हा पहिला घास उचलण्याआधी त्या दाराआडच्या पोरीची आठवण ठेवा.